खाष्ट या शब्दाचं वाक्य

४ जुलै १९९४
...आणि वर ती टेपवाली वसुमतीबाई म्हणते, अक्का, छान बोललात! छान कसलं डोंबल? टेपवरचं सगळं शब्दकोशात जाणार, खाली बोलणारीचं नाव घालून, हे आधी सांगायला नको? बायकांच्या तोंडचे शब्द कुणी लिहिले नाहीत म्हणाली, मी भडाभडा दिले. मग म्हणे, प्रत्येकाचं वाक्य करा. मी चौथी शिकलेली. घरातलंच सुचलं. खाष्ट: आमच्या आत्याबाई खाष्ट आहेत. चोंबडी: आत्याबाई. कजाग: आत्याबाईच.
सासूच आहे, वाघ नाही. मी घाबरत नाही.

५ जुलै, पहाट
थोरल्या जाऊबाई एकदाच उलट बोलल्या. बेळगावला धाडलं, त्या अजून तिकडेच. घर आत्याबाईंच्या नावावर.
झोप छान लागली. मधे मधे जाग, तेवढंच. आज जाऊन वसुमतीबाईला ठणकावते.

५ जुलै, संध्याकाळ
ठणकावलं. तिने कॉफी दिली. मी आणखी नऊ शब्द दिले. या वेळी वाक्यं जपून केली. आत्याबाई म्हटलंच नाही. आमच्या मल्लेश्वरमची एक म्हातारी, डाव्या गालावर चामखीळ, एवढंच. कोण ओळखणार?

८ जुलै
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आईला वाचता कुठे येतं, स्वल्प गप्प बस. खरंच की! उगाच उपाशी राहिले.

१० जुलै, रविवार
वसुमतीबाई टेप घेऊन घरी. आत्याबाईंनीच बोलावलं. सुनेने काय दिवे लावलेत ते ऐकायचं म्हणे. सगळं ऐकलं. सुपारी कातरणं थांबलं नाही. चामखिळीचं वाक्य आलं तेव्हा गालावरून हात फिरवला, बस. मग म्हणाल्या, माझाही एक घ्या, आमच्या गावच्या बायकांचा. मला कॉफीला पिटाळलं. दाराआडून एवढंच आलं: वाक्य करते हं, आमची सुनंदा म्हणजे... तेवढ्यात दूध उतू गेलं. धावले. परत येते तर दोघी हसताहेत, वसुमतीबाई चष्मा पुसतेय.
रात्री आत्याबाईंनी माझ्या पानात तूप वाढलं. आपण होऊन. जाऊबाईंनाही जायच्या आदल्या दिवशी वाढलं होतं.

११ जुलै
ह्यांनी आईला शब्द विचारला. ऐकून कान लाल झाले. मला सांगेनात. चप्पल घालून बाहेर. वसुमतीबाई म्हणते, छापून आल्यावर बघा.
मी घाबरलेली नाही. ट्रंक नुसती पुसायला काढलीय. पण वसुमतीबाईला चिठ्ठी धाडलीय: शब्द राहू द्या तुमच्यापाशी. मला बेळगावला धाडणार की नाही, एवढं आत्याबाईंना विचारून शुक्रवारी दिवेलागणीच्या आत सांगा.