पाय नाही, कंबर बघायची

प्रिय दादास, छबूचा सिंगापूरहून नमस्कार.

मी मजेत आहे. गुडघाही बरा आहे. वहिनीची डोकेदुखी थांबली का?

कुशलच्या ऑफिसला अमेरिकेतल्या फुटबॉलचं, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळतात त्या खेळाचं, काम मिळालंय. तिथले संघ पुढच्या महिन्यात नवी पोरं निवडणार आहेत. त्यातली मागे राहून समोरच्या संघाचे झेल अडवणारी पोरं किती जोरात पळतात, किती उंच उडतात, ते हा घरीसुद्धा व्हिडिओ लावून मोजत बसतो.

आणि शेजारी कोण बसतं? आमच्या विहीणबाई. शाळेत पीटीच्या बाई होत्या ना. "याचे पाय बघा, कुशलराव," म्हणाल्या की हा लगेच लिहून घेतो. मी आपला चहा द्यायचा.

रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, "पाय फसवतात. कंबर बघा. ती झटक्यात वळली तरच हा दुसऱ्याला गाठेल."

कुशल म्हणाला, "आई, तुला काय कळतंय त्यातलं?" विहीणबाई हसल्या. संध्याकाळी ईस्ट कोस्टला फिरताना त्याच बाई त्याला कंबरेचं समजावत होत्या, जसं काही त्यांनाच सुचलंय. आणि हा म्हणतो, "वा, आई." त्यांनाही आईच म्हणतो तो.

दादा, चौथीत शाळा सुटली, तरी गावच्या खो-खोत मी सात मिनिटं कुणाच्या हाती लागले नव्हते. तू होतास तिथे. मी सांगितलं तर बढाई वाटेल, म्हणून तू फोन करून कुशलला सांग. सकाळीच कर, तेव्हा विहीणबाई घरात असतात. आणि फोन स्पीकरवर ठेवायला सांग.

तुझी बहीण,
छबू