तेजकलीच्या नावाने पवनकलीचं रक्त

नदीपल्याडचं खोपटं, सौराहा

पूज्य मामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून सुरुवात करतो (जो गुडघा दुखत नसेल त्या पायावर). मामींची प्रकृती उत्तम असेल आणि त्यांच्या हातचं गोगलगाईंचं कालवण पूर्वीसारखंच झणझणीत होत असेल, अशी आशा आहे. मला इथे कुणी काही आणून देत नाही, कारण माझ्यापासून रोग लागेल असं लोकांना वाटतं. मी ठणठणीत आहे. माझी हत्तीण तेजकलीही ठणठणीत आहे. म्हणूनच आम्हा दोघांना गावाबाहेर काढलं आहे.

हे कसं झालं ते तुम्ही फोनवर धड ऐकून घेतलं नाही, म्हणून लिहितो. काठमांडूहून डॉक्टर तुलाधरबाई खंगलेल्या हत्तींचा क्षय तपासायला येणार असं कळलं आणि आमच्या हत्तीखान्यात सगळ्यांची तोंडं उतरली. तेजकली म्हातारी, दाढा झिजलेल्या, बरगड्या वर आलेल्या. तिच्यात रोग निघणार, मालक साहूजी तिला नदीपल्याड टाकणार आणि माझी रवानगी पुन्हा वीटभट्टीवर, हे सर्वांनी तपासणीआधीच ठरवून टाकलं. तेव्हा युक्ती तुम्ही सांगितलीत (तुमचं नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही). तेजकलीला रानात चरायला न्यायचं आणि तिच्या ठाणावर, तिच्या नावाच्या पाटीखाली, रामफलदाइची पवनकली बांधायची. तुमच्या चिरंजीवांनी, म्हणजे माझ्या या थोरल्या दाइने, तर आनंदाने होकार दिला. "ने रे, ने! हिच्या रक्तात कसला रोग? गूळ आहे, गूळ!"

पवनकलीला दुसरीच्या ठाणावर उभं राहणं अपमानाचं वाटलं. तिने पाटी उपटली, मी ठोकली, तिने पुन्हा उपटली. बाईंनी "तेजकली, ए तेजकली" अशा मायेने हाका मारल्या; हिने कानसुद्धा हलवला नाही. रामफलदाइ म्हणाला, "बहिरी आहे, डॉक्टरसाहेब." बाई म्हणाल्या, "पण कागदावर तर मरतुकडी लिहिलंय!" "सूज आहे, डॉक्टरसाहेब." (अशी सूज मलाही कधीतरी यावी.) तेवढ्यात रानातून खऱ्या तेजकलीने हाकेला ओ दिली, म्हणून मला हातातली बादली दगडावर आपटावी लागली.

बाईंनी कानामागच्या शिरेतून रक्त घेतलं आणि त्याचं काय करणार ते मला समजावलं, कारण विचारणारा मी एकटाच होतो. रक्तात पहारेकरी असतात. क्षयाच्या जंतूचा एक तुकडा त्यांना दाखवायचा. या चोराशी पूर्वी गाठ पडली असेल तर ते त्याला ओळखतात आणि ओरडाआरडा करतात. तो किती झाला ते यंत्र मोजतं. पहारेकरी जिवंत राहावेत म्हणून रक्त गार होऊ द्यायचं नाही, तेव्हा बाईंनी त्या नळ्या लेकरासारख्या उबेत धरून नेल्या. आणि एवढी काळजी घेऊन भलत्याच हत्तिणीच्या नावावर जमा केल्या. मी शेजारी उभा राहून मान डोलवत होतो.

पहारेकऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं. तेजकलीला क्षय आहे, बाहेरून दिसत नसला तरी आत शिरलाय, असा निकाल आला. "नशीब, लवकर कळलं," म्हणून बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून आम्ही इथे. रोज गवताच्या पुडीत भात आणि गूळ घालून त्यात मूठभर कडू गोळ्या बांधतो. तेजकली ती उलगडते, गूळ खाते आणि गोळ्या माझ्या अंगावर फुंकते. गोळ्या पोटात गेल्या तर दिवसभर उपाशी उभी राहते. पलीकडे पवनकली पाहुण्यांना पाठीवर मिरवते, सोंडेने त्यांच्या टोप्या काढते, पोरांच्या तोंडावर पाणी फवारते आणि लोक टाळ्या वाजवतात. साहूजींना मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारी आजारी असली तर माझं काय अडतं? गुमान राहा." रामफलदाइ काठावरून ओरडतो, "काय रे क्षयरोग्या, जेवलास का?" सगळे हसतात. मीही हसतो, तेवढीच सोबत.

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा
बिसराम महतो

ता. क. पहाटे फार गारठा असतो. जुनी रजई असल्यास पाठवावी.

पुन्हा ता. क. हे पत्र रजईसाठी लिहिलेलं नाही. बाईंनी माझी छाती तपासून घेतली, स्वच्छ निघाली. रामफलदाइची कुणी तपासली नाही, कारण कागदावर त्याची हत्तीण निरोगी आहे. माघीच्या सणापासून तो खोकतोय आणि सदरा अंगावर लोंबतोय. मी काही म्हटलं तर म्हणतो, "तुझ्याच ठाणाची हवा लागली." मामी आजारी आहेत असं सांगून त्याला घरी बोलवा आणि भरतपूरच्या दवाखान्यात नेऊन थुंकी तपासून घ्या.

शेवटचा ता. क. खोटं कारण नको. पाकीट चिकटवण्याआधी मी बाईंना फोन करून सगळं सांगून टाकलं. उद्या त्या दोघी हत्तिणींचं रक्त पुन्हा घेणार आहेत, आणि कोणती कोण हे मी दाखवणार आहे. तेजकली सुटली तर नदी ओलांडून गावात जाईल. मी जाणार नाही, हे ऐकून साहूजींनी मला कामावरून काढलं आहे. पवनकलीचं काम थांबेल, म्हणजे तुमच्या घरची चूलही. हे कळताच दाइ नदी ओलांडून आला, माझ्या दोन थोबाडीत मारल्या आणि तेवढ्यानेच त्याला इतकी धाप लागली की वाळूतच बसला. (पाणी दिलं. घेतलं नाही.) तुम्हीही येऊन मारा. नवा माणूस मिळेपर्यंत मी इथेच आहे. पण आधी त्याला दवाखान्यात न्या.