सुमनकाकीचं पूर्ण नाव

मंगळवार, दिवेलागण

आज मी सुमनकाकीला तिचं नाव विचारलं. घरी आले तरी तेच डोक्यात आहे.

पूर्णगडची आमची पतसंस्था दोन खोल्यांची होती. मासळीचा लिलाव आटपला की बायका यायच्या, म्हणून दुपारी जेवायलासुद्धा आम्ही काउंटर बंद करत नव्हतो. काकी मासळीची पाटी बाहेर ठेवून दारातूनच "मंगल गो" अशी हाक मारायची. मासळी साफ करून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, पण तिथे चेहरा पुरायचा.

मग रत्नागिरीच्या मोठ्या संस्थेने आम्हाला सामावून घेतलं. आता मी त्यांच्या शाखेत तीन नंबरच्या काउंटरवर बसते. आधी टोकन, मग मशीनवर अंगठा. काकी आज पहिल्यांदाच आली. मशीनने चारदा तिचा अंगठा नाकारला. अंगठा जुळला नाही तर खातेदाराला अगदी नावापासून विचारायचं, असा नवा नियम. मॅनेजर मागेच उभे होते. मी विचारलं, "आपलं पूर्ण नाव?"

आपलं. जिला बारा वर्षं अगंतुगं केलं, तिला आपलं.

"मी ओळखते यांना," एवढंच मॅनेजरना सांगायचं होतं. काय केलं असतं त्यांनी? फार तर ओरडले असते. पण मी नाव टाइप करायला कीबोर्डवर बोटं ठेवली.

काकीने नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं सावकाश. आधार कार्ड घरी राहिलेलं, म्हणजे काम होणार नव्हतंच. तेही मीच सांगितलं. मग तिने काचेजवळ वाकून विचारलं, "नि तुमचं नाव काय, मॅडम?"

मी पुढचं टोकन पुकारलं.