मंजूच्या तारा, माझी प्लेट

१३ जून ९३, रवि. जळगाव

काल पारोळ्याहून पत्र आलं. 'पत्रिका जुळत नाही.' पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. भाऊंनी पत्राची घडी करून खिशात टाकली. सकाळपासून घरात कोणी त्यावर बोललेलं नाही, म्हणजे सगळ्यांच्या मनात तेच आहे.

ते बघायला आले त्या दिवशी मुलाच्या आईने विचारलं होतं, "मुलगी हसत नाही का?" मी ओठ मिटून हसले. पण मिटतात कुठे? पुढचे दोन डोकावतातच. दाखवण्याचे कार्यक्रम (दा.का. लिहीन, सारखं लिहायचा कंटाळा) आजवर तीन झाले.

मंजूचेही दात असेच, थोडे जास्तच. आई म्हणते, बापाची, म्हणजे भाऊंची, इस्टेट दोघी बहिणींनी सारखी वाटून घेतली. पण ती अठराची, तिला आत्ता कोण बघतंय. धुळ्याला पॉलिटेक्निकला नंबर लागलाय, मामाकडे राहणार. मी एकवीस, बी.कॉम. होऊन घरात. टायपिंग, पापड, दा.का.

२६ जून

मामाचं पत्र. नाशिकचे एक दातांचे डॉक्टर पहिल्या-तिसऱ्या शनिवारी धुळ्याला येतात, पुढे आलेले दात सरळ करून देतात. दोघींना घेऊन या.

आई: "पोर शे का ढोर, दात मोजाले?"

भाऊ हळूच म्हणाले, "लोक मोजतातच ना."

'दोघींना' का पण? गोष्ट निघाली माझ्यावरून.

३ जुलै, शनि. धुळे

पहाटेची एस.टी. मामाला घेऊन दवाखान्यात. पांढरा लगदा तोंडात दाबून दोघींच्या दातांचे साचे घेतले. मला ओकारी आली, मंजू मजेत बसली होती. डॉक्टरांनी दोन्ही साचे शेजारी ठेवले. "नावं लिहिली नसती तर माझाच घोटाळा झाला असता." भाऊंनी उगाच स्वतःच्या तोंडावर रुमाल धरला.

दोन रस्ते म्हणाले. एक, पक्की तार. चार दाढा काढायच्या, प्रत्येक दातावर स्टीलचा चौकोन चिकटवायचा, त्यातून तार. दीड-दोन वर्षं तोंडात, चारचौघांत दिसणार. दुसरा, प्लेट. टाळूला बसते, पुढून एकच बारीक तार, हवी तेव्हा काढता येते. "पण सगळं तुमच्यावर. प्लेट डबीत राहिली तर डबीचेच दात सरळ होतील."

मी लगेच म्हटलं, प्लेट. हवी तेव्हा काढता येते, एवढंच मला ऐकू आलं होतं. भाऊंनीही मान हलवली, दा.का. च्या दिवशी काढून ठेवता येईल.

मंजूने विचारलं, "तारेने नक्की होतील?"

"होतील."

"मग तार."

मामी म्हणाली, "अगं, कॉलेजात पोरं काय म्हणतील!" तर म्हणे, "आत्ता काय कमी म्हणतात?"

वेडी आहे. परतीच्या गाडीत मला तिची कीवच आली.

१० ऑगस्ट

प्लेट बसून चोवीस दिवस. गुलाबी, आतून गुळगुळीत. तोंडात दुसऱ्याची जीभ असल्यासारखं वाटतं. 'बसा' म्हणायला गेलं तर 'बश्शा' येतं. टायपिंग क्लासच्या बाईंनी मला नवीन मुलींना शिकवायला ठेवलंय, तिथे मजकूर वाचून दाखवावा लागतो. तेवढा वेळ काढते. येता-जाता रस्त्यात पण काढते. जेवताना तर काढायचीच असते.

मं. चं पत्र. दाढा काढून झाल्या, तारा बसल्या, चार दिवस नुसती कढी आणि भात. वर्गातली पोरं 'भुसावळ यार्ड' म्हणतात, तोंडात रूळच रूळ. तिने स्वतःच हसून लिहिलंय.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, वाचून बरं वाटलं.

१२ नोव्हें.

दिवाळीला मं. आली. दारातच तोंड उघडून दाखवलं. शेजारपाजार गोळा. सगळ्यांना तिची तार बघायचीय, ती 'आ' करून उभी. आईने तिच्यासाठी वेगळं सगळं मऊ केलं. आमच्यासाठी वरण-बट्टी, तर तिची बट्टी आई स्वतः कुस्करून तुपात भिजवून देते. "खाय व माय, तुले चावाले येत नही." मलाही दुखतं, गेल्या शनिवारीच डॉक्टरांनी पकडीने तार आवळलीय. मला कोणी विचारलं नाही. प्लेट दिसत नाही, म्हणून तिचं दुखणंही दिसत नाही.

तिच्या दातांत फट पडलीय, दाढा काढल्या तिथे. पुढचे दोन मागे सरकल्यासारखे वाटले. मला भास झाला असेल.

१३ नोव्हें.

भास नव्हता. ती झोपली असताना दुपारी जवळ जाऊन बघितलं.

१५ जाने. ९४, शनि.

हे लिहायचं नव्हतं. पण कुठेतरी असू दे.

काल संक्रांत. मं. सकाळीच आली होती. आईच्या गुळाचा पाक कडक झाला, वड्या दगड झाल्या. डॉक्टरांची यादी (ऊस, पेरू, चिक्की, फुटाणे, सुपारी बंद) मीच स्वयंपाकघरातल्या कपाटाला आतून चिकटवलीय. दिवाळीला मीच तिला वाचून दाखवली होती.

मी वडी तिच्यापुढे धरली. "घे, सण आहे. एकाने काही होत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं आणि घेतली.

कट् असा आवाज मलाही ऐकू आला. चौकोन सुटला, तारेचं टोक गालात घुसलं. रक्त पदरावर. आई ओरडायला लागली, मी पाणी आणायला धावले आणि हंड्यापाशी नुसती उभी राहिले. मला घाबरायला हवं होतं. आधी वाटलं ते वेगळंच होतं.

आज तिसरा शनिवार, म्हणून भाऊ आणि मी तिला घेऊन धुळ्याला. डॉक्टर चिडले. दोन महिने मागे गेलो म्हणाले. "यादी दिली होती ना? कोणी दिलं खायला?"

मं. म्हणाली, "मीच खाल्लं."

मी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं, एक स्कूटर होती.

१७ एप्रिल

दा.का. पाचवा. बोदवडचे, मुलगा प्राध्यापक. प्लेट काढून डबीत, डबी कपाटात. मोठ्यांनी आम्हाला दोघांना गच्चीवर बोलायला सोडलं. चांगला वाटला, कशाची घाई नाही. म्हणाला, "तुम्ही हसताना हात तोंडावर का नेता?"

मी म्हटलं, "सवय आहे."

"दातांसाठी काही करताय का?"

"नाही."

का नाही म्हटलं? डबी खाली दहा पावलांवर होती.

५ मे

बोदवडहून नकार. 'मुलगी मोकळी वाटली नाही.' दातांचा शब्दही नाही. तो असता तर बरं झालं असतं.

प्लेट त्या दिवसापासून घातली नाही. आज घालून बघितली तर बसेना. जोर लावला, हिरडीतून रक्त. परत डबीत ठेवली. भाऊंना सांगितलं नाही. डॉक्टरांकडे जायचा शनिवार टाळला, क्लास आहे म्हटलं.

९ नोव्हें. ९४

मामा आज स्वतः आला, पत्राने सांगण्यासारखी गोष्ट नाही म्हणाला. त्याच्या शेजारच्यांकडे नंदुरबारचे पाहुणे आले होते. मुलगा वीज मंडळात इंजिनियर. त्यांनी मं. ला बघितलं, कुणी दाखवली नव्हती. शेजारच्या काकूंकडे ती भरताची वांगी भाजून द्यायला गेली होती, हाताला काजळी, कशावरून तरी खिदळत होती. मुलाच्या आईने मामीला विचारलं, ही कोणाची?

मामी म्हणाली, "तिला अजून तारा आहेत हो तोंडात."

ती बाई म्हणाली, "दिसल्या की. त्या निघतील. पोर मोकळी हसते." आणि तिथेच मागणी घातली.

मामा हे सांगत असताना मी पोहे देत होते. हात थांबला नाही. सगळ्यांना लिंबाची फोड दिली. मग मागच्या मोरीत जाऊन नळ सोडला.

तारांसकट बघितलं. तारांसकट हो म्हटलं. आणि मी दीड वर्ष, प्रत्येक वेळी, काढून ठेवत आले.

आई म्हणते मोठीच्या आधी धाकटीचं कसं करायचं. माझ्यासाठी म्हणाली. मला ते 'माझ्यासाठी' नको होतं.

२१ नोव्हें.

मं. चं भाऊंना पत्र. 'डिप्लोमा पुरा व्हायचाय, मला आत्ता लग्न नको. ताईचं राहिलंय म्हणून मी नको म्हणते असं कोणी समजू नये. मलाच नको.'

भाऊ म्हणाले, "पोर शहाणी आहे."

हो, शहाणी. नको म्हणायची चैन आहे तिला. मला आजवर कोणी ते म्हणायची वेळच दिली नाही. पाच वेळा दुसऱ्यांनीच म्हटलं.

पत्राच्या शेवटी माझ्यासाठी एक ओळ. 'ताई, तुझी प्लेट कशी आहे?' उत्तर दिलं नाही.

७ जाने. ९५, शनि. धुळे

आज मं. च्या तारा निघाल्या. मी बरोबर होते, भाऊंना रजा नव्हती. डॉक्टरांनी एकेक चौकोन पकडीने काढून बशीत टाकला, टक् टक्. मग दात घासून साफ केले आणि आरसा दिला.

ती कितीतरी वेळ जीभ फिरवत बसली. हसली नाही. मग माझ्याकडे वळली आणि हसली.

सुंदर. लिहिते तसंच, काटछाट न करता. सुंदर दिसते माझी बहीण. जळले मी, आणि त्याच वेळी डोळे भरून आले, दोन्ही खरं.

डॉक्टरांनी तिलाही आता प्लेट दिली! दात परत सरकू नयेत म्हणून वर्षभर रात्रीची घालायची. मं. म्हणाली, "ताई, प्लेटमधलं तुला जास्त कळतं. कशी सांभाळायची सांग." ती चिडवत नव्हती. चिडवलं असतं तर सोपं गेलं असतं.

८ जाने., रवि. धुळे

दुपारी दोघी पांझरा नदीकडे फिरायला गेलो. मी बोलले. संक्रांतीची वडी. यादी मला पाठ होती, हेही.

ती म्हणाली, "माहीत होतं मला."

"मग खाल्लीस कशाला?"

"तू दिलीस ना." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "मला वाटलं, एकदा काहीतरी मोडलं की तुझा राग जाईल. गेला का?"

"नाही."

"मग फुकटच गाल फाटला," म्हणाली आणि हसायला लागली. मीही. हात तोंडावर गेला, तिने तो धरून खाली ओढला. मी झटक्यात सोडवून घेतला. राग आला तिचा, अजून आहे. पण आता तो नुसता तिचा राग नाही, काय आहे ते नीट

मामी चहाला हाक मारतेय.

१८ फेब्रु., शनि.

धुळ्याला एकटी जाऊन आले. घरी सांगितलं, मं. ला लोणचं द्यायला.

डॉक्टरांनी माझं कार्ड शोधलं, दहा महिन्यांपूर्वीचं. प्लेट त्यांच्यापुढे ठेवली. रागावले नाहीत, हे त्यांचे उपकार. साचा नव्याने घेतला. जुन्याशेजारी ठेवला, काही फरक नाही.

"आता पक्की तार. वय होऊन गेलेलं नाही, पण वेळ लागेल. चार दाढा, दोन वर्षं. आणि मध्ये काढून देणार नाही मी. लग्न असलं तरी नाही."

म्हटलं, विचार करते. ४ मार्चला दाढा काढायची वेळ लिहून ठेवतो म्हणाले, त्याआधीच्या गुरुवारपर्यंत इथे दवाखान्यात फोनवर कळवा.

भाऊंना रात्रीच्या जेवणावर सगळं सांगितलं. प्लेटचं, डबीचं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." मग भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवून, "मी विचारायला पाहिजे होतं."

२२ फेब्रु.

चोपड्याहून पत्र. केळी, कापूस, घर मोठं, मुलगा एम.कॉम., तालुक्याला नोकरी. रविवारी, ५ मार्चला येतो, जमत असेल तर फोन करा.

आई खुलली. "आदल्या दिवशी दाढा काढीसन सुजेल तोंड घीसन बसशी का त्यासना म्होरे?"

तिचं बरोबर आहे. एप्रिलमध्ये बोलवू म्हणावं तर तेव्हा तारा. दोन वर्षं तारा. तेव्हा मी पंचवीस.

१ मार्च

मं. चं पत्र. मी कळवलं नव्हतं, मामीकडून कळलं असणार. सल्ला काही नाही. एवढंच, की शनिवारी तिची प्रॅक्टिकल परीक्षा आहे, अकराला सुटते. दवाखान्यात येणार असशील तर थेट तिथेच येते, नाहीतर रविवारी साडी नेसवायला जळगावला येते. 'मला दोन्हीकडे यायला जमेल.'

पहिल्यांदा वाटलं, हिला सगळं किती सोपं. मग पत्र परत वाचलं. अक्षर वाकडं आलंय, घाईत लिहिलेलं. दोनदा खोडलंय. खाली काय होतं ते उजेडाला धरूनही वाचता येत नाही.

२ मार्च, गुरु.

आज फोन करायचा दिवस. सकाळी आरशासमोर उभी राहून हात मागे बांधून हसले. बराच वेळ. भयंकर काही दिसलं नाही. चांगलंही नाही. एक बाई हसताना दिसली, एवढंच.

आई सकाळपासून माझ्याशी बोलत नाही, पण मोतिया साडी उन्हात टाकलीय. संध्याकाळी भाऊ ऑफिसातून आले, चहा घेतला नाही. चपला पायातच. "एसटीडीवाला आठला बंद करतो. सांग शोभा, कुठला नंबर लावू? धुळ्याचा की चोपड्याचा?"

आई दारात आली. मी दोघांकडे बघितलं.

"थांबा," म्हटलं, "मी पण येते. फोनवर मीच बोलेन."

"कोणाशी?" आईने विचारलं.

चप्पल सापडत नाहीये, भाऊ अंगणात उभे आहेत. एवढं लिहून निघते.