एकशे बारा मयतांना गेलेलं पत्र

१२ जानेवारी

पत्रं गेली. सहाशे चाळीस! चकचकीत कागद, वर वसतिगृहाचा रंगीत फोटो. सगळ्या देणगीदारांना एकच पत्र. मी म्हणलं, लग्नाला अन् मयताला एकच निरोप धाडतेत का? ऋतुजा म्हणे, "आजी, यादी कंप्युटरातली हाय, काळजी नका करू." लातूरची पोरगी, बी.कॉम. झालेली. दोन महिन्यापासून हापिसात हाय. बोलणं गोड, ऐकणं कमी.

पण पत्र जायला पाहिजेच होतं. दहावीला नऊ पोरी हायत. दहावी झाली की वसतिगृह सोडायचं, संस्थेचा जुना कायदा. यंदा आमचे सचिव वैजनाथ सर म्हणले, ठेवू अकरावी-बारावीला, पण दोन वर्षांचा खर्च लोकांकडून उभा राहिला तर. मुदत पंधरा जून. न्हाई तर नऊ बी जणी आपापल्या गावाला. अन् गावाला गेलेली पोरगी पुढच्या उन्हाळ्यात मांडवात बसते. सव्वीस वर्षं किनवटात ह्या पोरींचा सयपाक केला, मला कोणी सांगायला नको.

१९ जानेवारी

सकाळपासून फोन वाजून राहिला. पहिला उदगीरहून, कोण्या गुंडप्पाचा.

"बाई, माझ्या बापाला तुमचं पत्र आलं."

म्हणलं, बेस झालं की.

"बाप जाऊन अकरा वर्षं झाली. तुमी लिहिलं, आपण आनंदात अन् आरोग्यसंपन्न असाल. आता काय कळवू?"

मला हसू आलं. त्याला न्हाई. दुपारपर्यंत असे सहा फोन. एक बाई रडली.

२० जानेवारी

सापडली भानगड. लोक पैसे द्यायला येतेत तवा इच्यारावं लागतं, पावती कोणाच्या नावानं फाडू? दहातले चार म्हणतेत, आमच्या बाबांच्या, आमच्या आईच्या. गेलेल्या माणसाच्या नावानं पंगत द्यायची, पावती बी त्याच्याच नावानं. दस्तूरच हाय. ऋतुजानं पावत्या बघून यादी उतरवली. मेलेले सगळे देणगीदार झाले. मोजले — एकशे बारा! एका घरी तर नवरा-बायको दोघं वारलेले, दोघांना येगळं येगळं पत्र.

ऋतुजा सयपाकघरात येऊन रडत बसली. तिच्यापुढं कांदे ठेवले. म्हणलं, रडायचंच तर चिरून घे.

जराशानं डोळे पुसून म्हणते, "आजी, ह्या पावत्या लिहिल्या कोणी?"

अक्षर माझं. मी बी एक कांदा चिरायला घेतला.

२२ जानेवारी

जेवणाच्या हॉलात चार मोठी ताटं मांडली. ऋतुजाचं म्हणणं, पावत्यांचे रकमेवर गठ्ठे करू — मोठे, मधले, बारके. म्हणलं, किती दिलं ते सोड. कशापायी दिलं ते बघ. सव्वीस वर्षं पंगत वाढली मी. ज्याला ताक पाहिजे त्याच्यापुढं भात घेऊन उभं राहिलं की तो हात आडवा करतो. त्यात त्याची काय चूक? वाढणारीला कळलं पाहिजे.

पहिल्या ताटात, गेलेल्या माणसाच्या नावानं देणारे. दुसऱ्यात, इथं येऊन पोरी पाहून, जेवून गेलेले. तिसऱ्यात नांदेडचे, रमजानमधी देणारे. चौथ्यात, एकदा देऊन गप झालेले. हे ताट सगळ्यात उंच भरलं. जुने कागद बघितले तर ह्यांना आमी साधं "पोचलं" म्हणून बी कळवलेलं न्हाई. ते गप झाले का आमी?

वैजनाथ सर डोकावले. "केवळाबाई, कागदांना जेवू घालून राहिल्या का?"

म्हणलं, हाव. तुमी बी बसा.

बसले न्हाईत. पण चप्पल काढून दहा मिनिटं बघत उभे राहिले.

३० जानेवारी

नांदेडला गेले, तय्यबभाईच्या छापखान्यात. आमचा चकचकीत कागद बोटात धरून म्हणले, "बाई, हे बघून माणूस म्हणतो ह्यांच्याकडं तर हायच. मी काहून देऊ?" साधा पांढरा कागद काढला.

मग रमजानच्या पत्रावर आले. "इमारत-बिमारत काढा ह्याच्यातून. जकात म्हणजे धर्मानं ठरवलेलं दान, ते भिंतीला लागत न्हाई, गरिबाच्या लेकराला लागतं. नवांत आमच्या किती?"

म्हणलं, अफसाना अन् वहिदा.

"मग जकात त्या दोघींसाठी, साफ लिहा. बाकीच्यांसाठी खैरात मागा, म्हणजे मर्जीचं दान, ते बी साफ लिहा. सगळं एकात कालवू नका. अन् चाँदच्या आठ दिवस आधी पोचलं पाहिजे. लोक तवाच हिसाब करतेत."

इतकी अक्कल फुकट. वर चहा. निघताना म्हणले, "वीस साल तुमचे कागद छापून राहिलो. मला एक पत्र आलं न्हाई कधी."

तोंडात मारल्यागत झालं. गाडीत बसल्या बसल्या पिशवीतली चिठ्ठी काढली, त्यांचं नाव लिहिलं. दुसरं ताट. तीनदा जेवून गेलेत.

८ फेब्रुवारी

मयताच्या ताटाला एकदम पत्र धाडायचं न्हाई. ज्याची तिथी जवा येईल, त्याच्या पंधरा दिवस आधी. जुन्या पावत्यांवरून महिने काढले, कॅलेंडरवरून तिथ्या. ऋतुजानं कंप्युटरात असं काहीतरी केलं की तिथी जवळ आली की तेच सांगतं. हे मात्र मला आवडलं. तिला सांगितलं न्हाई.

पत्रं आता आठवी-नववीच्या पोरी हातानं लिहितेत. चार ओळी, जास्त न्हाई. दहावीची पुनम बी घुसली मधी. म्हणलं, तुझा पेपर हाय, ऊठ. म्हणे, "आजी, माझ्यासाठीच तर चाललंय, अन् मीच लिहू नको?" दहा लिहू दिली. अक्षर लई सरस.

गुंडप्पाला मीच लिहिलं. "चूक आमची. पण तुमच्या वडलांनी तीनदा ज्वारीची पोती धाडली, तिन्ही वेळा संगं चिठ्ठी — पोरींना कमी पडू देऊ नका. अशा माणसाचं नाव यादीतून काढायला हात धजत न्हाई. आता पत्र तुमच्या नावानं येईल, आठवण त्यांची राहील."

३ मार्च

गुंडप्पाचं उत्तर आलं. पहिलं पत्र त्यानं बापाच्या फोटोखाली लावून ठेवलं म्हणे. घरी आलेल्याला दाखवतो, बघा, आण्णांना अजून पत्रं येतेत. भावाभावांनी मिळून एका पोरीचा दोन वर्षांचा खर्च उचलला.

एक पोरगी झाली!

आता हिसाब रुपयात ठेवायचा न्हाई, पोरीत ठेवायचा. फळ्यावर नऊ रेघा मारल्या. एक खोडली. सर म्हणले, हे बरंय.

२४ मार्च

ईद झाली. अफसाना अन् वहिदाची रेघ खोडली. खैरातीतून आणखी एक. तय्यबभाईनं स्वतःचं पाकीट येगळं धाडलं, वर लिहिलं — "पत्र मिळालं."

मयताच्या ताटातून पुन्हा एक. मिळून पाच अन् वर अर्धी. ऋतुजा म्हणते, "आजी, अर्धी पोरगी कशी ठेवायची?" म्हणलं, कमरेपर्यंत.

दोघी लई हसलो. भात लागला खाली.

११ एप्रिल

चौथं ताट बोलायला लागलं. अहमदपूरच्या एका मास्तरनं लिहिलं, "तुम्ही विसरलात, म्हणून मीही विसरलो. आता दोघांनाही आठवलं." असली वीसेक आली. बारकी बारकी, पण आली. साडेसहा.

१४ मे

निकाल. नऊच्या नऊ पास! पुनमला अठ्ठ्याऐंशी टक्के. शिरा केला, गुळाचा. बारक्या पोरी तर आपणच पास झाल्यागत नाचून राहिल्या.

फळ्यावर सात रेघा खोडलेल्या. दोन उभ्या.

२० मे

मीटिंग. सर म्हणले, मुदत वाढणार न्हाई, सात तर सात. मग माझ्याकडं वळले. "केवळाबाई, तुम्हाला गठ्ठे चांगले जमतात. नवांतल्या सात काढून द्या. मार्क बघा, घरची स्थिती बघा. तुमच्याइतक्या पोरी कोणाला माहीत?"

मी म्हणलं, कागदाचे केले. लेकरांचे करायची न्हाई.

"मग कोणीतरी करीलच ना."

उठून आले. माणूस वाईट न्हाई. पण त्या दोन रेघांना नाव लागलं की त्या पोरी जिंदगीभर म्हणतील, आजीनं आपल्याला काढलं.

२१ मे

ऋतुजा हळूच येऊन बसली. म्हणे, "एक ताट आपण मांडलंच न्हाई."

कोणतं?

"इथून शिकून गेलेल्यांचं. दाखल्याच्या रजिस्टरात चारशे बारा नावं हायत. त्यांच्या पावत्या न्हाईत म्हणून त्या यादीतच न्हाईत."

अंगावर ओरडले मी. त्या लेकी हायत. लेकीचं घेत न्हाईत. आपण द्यायचं — चोळी, शिदोरी. लेकीपुढं हात पसरणारी आई बघितलीस का कुठं?

ती उठली न्हाई. म्हणाली, "बरं. मग कोणत्या दोन लेकी गावाला धाडायच्या, तेवढं सांगा."

मी भाकरी थापत राहिले. दोन करपल्या.

२३ मे

लिहिलं. चार ओळीच.

"पोरीनो, मी केवळाबाई, भाकरीवाली. सव्वीस वर्षांत काही मागितलं न्हाई. आज मागून राहिले. दहावी झालेल्या दोन बहिणी तुमच्या अडल्यात. जमत नसलं तर कागद फाडून टाका, मी नाराज न्हाई."

लग्नानं सगळ्यांची नावं बदलली, गावं बदलली. नवा पत्ता एकीचा न्हाई. म्हणलं, माहेरी धाडा. आई पोचवते लेकीपर्यंत, कुठं बी असू दे.

पोस्टात मीच देऊन आले.

३ जून

काही न्हाई. चौदा परत आली, शिक्का मारून — पत्ता सापडला न्हाई.

पुनमनं आपलं सामान पेटीत भरून ठेवलं. कोणी सांगितलं न्हाई तिला. म्हणलं, काढ ते बाहेर. म्हणे, "आजी, कोणाला तरी जावंच लागल ना?" पेटीला माझं कुलूप घातलं. चावी माझ्या कमरेला.

९ जून

दुपारी फाटकात एस.टी.ची कंडक्टरीण उभी. खाकी कपडे, दोन गाड्या बदलून आलेली, घामानं भिजलेली. वळखलंच न्हाई मी. प्रियदर्शनी! सातवीत असताना भिंतीवरून पडली होती ती. आता अहमदपूर आगारात नोकरी, दोन लेकरं.

पाया पडली अन् भांडायलाच लागली. "मेलेल्यांना पत्र धाडता मावशी, अन् आमाला सव्वीस वर्षांत एक न्हाई?"

म्हणलं, लेकीला कसं मागावं?

"तुमी मागत न्हाईत, म्हणून आमाला वाटलं आमी परक्या झालो. आईनं तुमचं पत्र माहेराहून धाडलं, तवा मी ड्युटीवर होते. चालत्या गाडीत वाचलं. दोन जणांचं तिकीट फाडायचं राहिलं माझं."

पिशवीतून कागद काढला. एकतीस नावं, फोन नंबर. एकीनं दुसरीला कळवलं, दुसरीनं तिसरीला. कोणी नर्स, कोणी शिवणकाम, कोणी शेतावर. सगळ्यांनी तिच्याकडं जमा केलेलं. दोघींचं पुरून उरल म्हणे.

म्हणलं, दे मग.

"आणलं न्हाई. घरी येऊन न्या. हात धुऊन, पाटावर बसून, जेवून. एकतीस जणींनी तसंच सांगितलंय."

म्हणलं, बघू.

"बघू न्हाई," म्हणाली अन् साडेचारची गाडी धरून गेली. चहा बी घेतला न्हाई, कारटी.

१४ जून

अहमदपूर. प्रियदर्शनीच्या घरी. नऊ बी राहिल्या. भाकरी तिची वसतिगृहात थापायची तशीच, कडा जाड अन् मधी कच्ची. तीन खाल्ल्या.