खडवलीतलं शेवटचं सरू

प्रिय अहो,

जन्मभर नावाने हाक मारली नाही, आता कागदावर तरी कशी मारू? आज खडवलीहून आले. तुमची सरूची झाडं जाळून आले. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहायला बसलेय.

सगळी जाळली. ते कोपऱ्यातलं हिरवंसुद्धा.

सरू म्हटलं की इथे डोंबिवलीत सगळ्यांना कोकणातल्या किनाऱ्यावरचं सुरूच आठवायचं. माझ्या भावाने तर विचारलेलं, खडवलीत समुद्र कुठे आहे म्हणून! तुम्ही न हसता त्याला समजावत बसलात. हे सायप्रस, देवदारासारखंच थंड हवेचं झाड. ठाण्यातल्या मोठमोठ्या सोसायट्या फाटकाशी हौसेने लावतात आणि मग एकेक फांदी तांबूस होऊन वाळते. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. पण सालीखाली बुरशी शिरलेली असते, चीक गळत असतो. या बुरशीला पुरून उरेल असं एक तरी झाड सापडावं, एवढाच तुमचा ध्यास.

मला पहिल्यांदा खडवलीच्या नर्सरीत नेलंत, तेव्हा मी सहलीला निघाल्यासारखी डबा घेऊन आलेले. तुम्ही मात्र चांगल्या, टवटवीत रोपांच्या सालीला चाकूने चीर देत होतात आणि तीत बुरशी भरत होतात. मी म्हटलं, धडधाकट झाडांना कशाला आजारी पाडता?

"आजारी पाडल्याशिवाय कोण तगतं ते कळणार कसं?" मान वर न करता म्हणालात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. डबा तसाच घरी आला.

झाडाच्या सालीवरचा चीक तुम्हाला लांबून दिसायचा. स्वतःच्या छातीत दुखतंय हे मात्र मला एकदाही सांगितलं नाहीत. श्रावणात कॉलेजच्या जिन्यावर बसलात ते बसलातच. रागावू नको तर काय करू? रिटायर झाल्यावर कुमाऊँला जाऊ, सरूचं खरं जंगल दाखवतो म्हणालेलात. आता कुणाबरोबर जाऊ?

तुमच्यामागे रूपाली एकटीच खडवलीला जात राहिली. शहाडहून सकाळी निघायची, झाडं बघायची, मग कॉलेज. तुमच्या विद्यार्थ्यांत तीच शेवटपर्यंत टिकली. पावसाळा सरेपर्यंत झाडं एकामागून एक गेली. कुंपणाच्या कोपऱ्यातलं तेवढं उरलं. तिने त्याचा फोटो पाठवला आणि मी वेडी, सगळ्या बिल्डिंगला दाखवत फिरले. मनात ठरवूनही टाकलं, हे आपल्या सोसायटीच्या बागेत आणायचं, तुमच्या नावाची पाटी लावायची.

रूपालीला सांगितलं. ती म्हणाली, आधी साल तपासावी लागेल.

आज दोघी गेलो. झाड वरून इतकं छान दिसत होतं! मी हात फिरवला तर त्याचा वास बोटांना लागला. रूपालीने बुंध्याशी साल जराशी खरवडली. आत पांढरट हिरवं दिसायला हवं ना? तपकिरी निघालं. तिने थोडं वर खरवडलं. तिथेही तेच. चाकू खाली ठेवून तिने ओढणीने डोळे पुसले.

"हेपण गेलंय काकू. काही महिने हिरवं दिसेल, एवढंच."

मी म्हटलं, मग तेवढे महिने तरी राहू दे. ती बिचारी मला हळूहळू समजावत राहिली, की पावसाच्या थेंबांबरोबर बुरशी नर्सरीतल्या बाकीच्या झाडांवर जाईल, रोग लागलेलं झाड उपटून जाळायचं हे सरांनीच शिकवलं. मला काय माहीत नव्हतं? जेवताना तुम्ही दुसरं बोलायचात कधी?

माळ्याने खड्डा खणला. वाळलेली झाडं भराभर पेटली. हे ओलं, नुसताच धूर देत राहिलं. रूपाली म्हणाली, काकू, तुम्ही सावलीत बसा. मी हलले नाही. तुम्हाला नेलं तेव्हा बायकांनी यायचं नसतं म्हणून मला घरीच बसवलेलं. इथे अडवायला कुणी नव्हतं. राख होईपर्यंत उभी राहिले.

परतताना रूपालीने भीत भीत विचारलं, "सर होते तोपर्यंत ते झाड हिरवंच होतं. रिसर्च पेपरमध्ये लिहू का, एक वाचलं म्हणून?"

पोरीला तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं हो. मलाही क्षणभर मोह झाला. मग वाटलं, कुठेतरी कुणीतरी ते वाचेल, त्याच वाणाची रोपं लावेल, वर्षानुवर्षं वाट बघेल आणि शेवटी त्याच्याही हाती राखच येईल.

"एकही वाचलं नाही, असंच लिही," मी सांगितलं.

तुम्ही हेच म्हणाला असतात ना? असं वाटतं खरं. पण आता विचारणार कुणाला?

पेपर तुम्हा दोघांच्या नावाने जाईल. छापून आला की रूपालीला घरी बोलवून मोठ्याने वाचायला लावीन, इंग्रजी कळो न कळो. आणि तुमच्यावरच्या मायेपोटी कुणी कितीही गळ घातली, तरी जे झाड मेलं ते तुमच्या नावाखाली जिवंत म्हणून उभं राहू देणार नाही. हा माझा शब्द.

तुमचीच,
वसुधा