सारवणातला हात

सौ. अंबिकेस शरणु शरणार्थ.

मी खुशाल हाय. जेवण बरं मिळतं. तुझा गुडघा कसाय? डॉक्टरनं सारवायला बसू नको म्हणलंय, ध्यानात हाय ना?

सिनेमासाठी आपलं उदगीरकडचं घर मी इथं हैदराबादेत हुबेहूब उभं केलंय. देवळी, चूल, भिंतीवरची काजळीसुद्धा. तरी दिग्दर्शक म्हणाले, "मल्लेशजी, या घरात कुणी राहत नाही." परवापर्यंत जमलं नाही तर दुसरा कलादिग्दर्शक येणार.

सारवण मी स्वतः करून पाहिलं. तुझ्या हाताचे अर्धे गोल काही उमटत नाहीत. आजवर कुणापुढं शिकायला बसलो नाही गं.

फोनवर जीभ रेटेना, म्हणून चिठ्ठी गाडीवाल्या दयानंदजवळ देतोय. त्याच्याच गाडीत ये. तू खाटेवर बसून सांग, सारवीन मी.

गुडघ्याची पट्टी विसरू नको.

तुझाच,
मल्लेश